नादारीनंतरचें देणें

आप्तास जामीन ठेवून संसार उभा करणारे गृहस्थ आपल्या समाजांत थोडे नाहींत. धंदा चालतो तोंवर त्या जामिनकीची आठवणही कोणास राहत नाहीं. दिवाळें निघालें म्हणजे मात्र ती घरांतल्या वस्तूंवर उमटूं लागते. एक कल्पित, पण नेहमींचें उदाहरण घेऊं. एका गृहस्थास घरासाठीं नवीं भांडीं, अंथरुणें व एक लांकडी कपाट घ्यावयाचें होतें. दुकानदार त्यास उधार देईना. तेव्हां मेहुण्यानें, "हा न देईल तर मी देईन," असें लिहून दिलें आणि माल घरीं आला. पुढें धंदा बसला. कांहीं हप्ते मेहुण्यानेंच भरले. शेवटीं गृहस्थानें नादारीचा अर्ज करण्याचें ठरविलें. आतां त्या वस्तूंचें काय, आणि त्या मेहुण्याचें काय?

कायद्याचें उत्तर स्वच्छ आहे. विक्री पुरी होऊन माल घेणाऱ्याचा झाला म्हणजे दुकानदाराचा हक्क किंमतीपुरता उरतो. घरांत गेलेली वस्तू त्यास ओढून नेतां येत नाहीं. जामीन राहिल्यानें मेहुणाही तिचा मालक होत नाहीं. १९२० च्या प्रांतिक नादारीच्या कायद्याप्रमाणें कपाट रिसीव्हरच्या स्वाधीन होतें आणि त्याचे पैसे सर्व धनकोंत हिश्शेरशीनें वांटले जातात. मात्र १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेच्या ६० व्या कलमानें जरुरीचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं व अंथरुणें-पांघरुणें, तसेच धर्माचाराप्रमाणें स्त्रीस अंगावेगळे करतां येत नाहींत असे दागिने, जप्तींतून वगळले आहेत. २०१६ च्या नव्या संहितेंतील व्यक्तींच्या नादारीचा भाग २०१९ च्या डिसेंबरांत केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता अमलांत आला. म्हणून येथें जुन्या कायद्याचाच आधार घेतला आहे.

याचा परिणाम पाहा. कपाट गेलें, पातेलें राहिलें. ऋणकोच्या मुलांस उपाशी ठेवूं नये ही कायद्याची दया योग्यच आहे. परंतु जामीनदारास ती दया लागू नाहीं. नादारीच्या कोर्टानें ऋणकोस मुक्त केलें तरी त्याचा जामीन बांधलेलाच राहतो. भाऊबिजेस बहीण ज्या पातेल्यांतला भात भावाच्या पानांत वाढते, त्या पातेल्याचे हप्ते तोच भाऊ भरीत असतो!

म्हणून अर्जाच्या आदल्या रात्रीं गृहिणी म्हणते, "अहो, निदान कपाट तरी दादाकडे पोंचवा. त्यानें आपल्यासाठीं शब्द दिला." या बोलण्यांत लबाडी नाहीं, कृतज्ञता आहे. तरीही कायदा आड येतो. एका धनकोस इतरांहून झुकतें माप देण्याच्या हेतूनें अर्जापूर्वींच्या तीन महिन्यांत केलेलें हस्तांतर तो कपटाचें मानतो. हा कायद्याचा निष्ठुरपणा आहे काय? मला तसें वाटत नाहीं. वाण्यानें धान्य दिलें, गवळ्यानें दूध घातलें, एकाद्या विधवेनें आपली शिल्लक ठेवावयास दिली. त्यांनींही विश्वासच टाकला होता. मेहुण्याचें तोंड वारंवार दिसतें म्हणून त्याचें देणें मोठें वाटतें. परक्याचें तोंड दिसत नाहीं, एवढ्यावरून त्याचें नुकसान लहान ठरत नाहीं. कपाट मेहुण्याकडे गेलें तर तें गृहस्थानें दिलें असें नव्हे. वाण्यानें व गवळ्यानें दिलें असें होईल. कृतज्ञता दुसऱ्याच्या खिशांतून दाखवितां येत नाहीं. आणि "कपाट मुळांतच मेहुण्याचें" असा कागद मागाहून करणें तर उघड असत्य होय. त्यानें तें खरोखर स्वतःसाठीं घेऊन वापरावयास दिलें असतें, तर गोष्ट निराळी होती.

आपल्या पूर्वजांनीं हा प्रश्न ओळखला होता. अविभक्त भावाभावांत, बापलेकांत व पतिपत्नींत जामिनकी नसते, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. आणि पैसे देण्याविषयीं राहिलेल्या जामिनाचा भार ती त्याच्या मुलांवरही टाकते. जेथें गांठ एक तेथें कोण कोणास जामीन? पण मेहुण्याचें घर निराळें, गांठ निराळी. त्यानें आपल्या मुलांच्या तोंडचा घांस गहाण ठेवला होता.

मग त्याचें ऋण फिटावें कसें? माझ्या मतें उत्तर काळाच्या क्रमांत आहे. नादारीपूर्वीं जें आहे तें सर्व धनकोंचें. तेथें आप्त आणि परका असा भेद करूं नये, कांहीं लपवूं नये. सुटकेच्या हुकुमानंतर मात्र जें मिळवावें तें आपलें. तेव्हां मेहुण्यास कदाचित् कोर्टांत मागण्याचा हक्क उरलेला नसेल. पण देण्यास मनाई कोणाचीच नाहीं. त्या नव्या मिळकतींतून पहिला रुपया त्याच्या घरीं जावा. झुकतें माप देण्याची खरी वेळ ती, कारण आतां तें माप आपल्याच धान्याचें असतें. कोर्टानें ऋणकोस सोडलें तें कोर्टापुरतें. चुलीवरचें पातेलें त्यास रोज दिसतें, आणि तें अजून मेहुण्याचें देणें आहे हें घरांत त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?