प्रार्थनेला टार्गेट नसतं

आकुर्डीतल्या एका कामगार सभेत माझा जुना मित्र म्हणाला, प्रार्थना म्हणजे मालकाची सोय. गुडघे टेकलेला माणूस गेटवर उभा राहत नाही. समोर आमच्या मंडळीतले दोघे बसले होते, दोघेही चाकणला कंत्राटावर. दोघे खाली मान घालून घरी गेले. हे उत्तर त्यांच्यासाठी आहे.

मार्क्सची अफू दिवाळी अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. माझं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावात आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेले. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो अनाथ मुलींना, विधवांना घेऊन आली. भुकेने आपलं घर कसं रिकामं केलं हे जिने पाहिलं होतं, तीच पुन्हा भुकेच्या मुलखात शिरली. केडगावात तिचं मुक्ती मिशन उभं राहिलं: विहिरी खणल्या, शेती उभी राहिली, मुलींनी छापखाना चालवला. त्याच १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांचे हाल झाले, तेव्हा रमाबाईंनी सरकारवर जाहीर टीका केली. ही बाई रोज गुडघे टेकत होती, आणि गेटवरही उभी होती.

मित्राला एवढं उत्तर पुरेल. मला पुरत नाही. प्रार्थनेतून काय निघालं ते दाखवा म्हणजे ती खरी, असं मानलं तर आपण तिलाही प्रॉडक्शनच्या फळ्यावर चढवतो. प्रेसमध्ये बोटं गेलेल्या पोराने कोणतं मुक्ती मिशन उभारायचं? त्याची प्रार्थना मग वाया गेली का?

इथे मला सिमोन वेल लागते. तत्त्वज्ञान शिकवणारी ही फ्रेंच बाई पंचविसाव्या वर्षी, डिसेंबर १९३४ मध्ये, कारखान्यात कामगार म्हणून शिरली. शेवटी रेनॉच्या कारखान्यात मिलिंग मशीनवर होती. डोकेदुखीने बेजार, नगावर मजुरी, वेग गाठता येत नाही म्हणून सततची धास्ती. तिने लिहून ठेवलं की सर्वांत आधी विचार करणं सुटतं, आणि अपमानाने बंड नव्हे, निमूटपणा येतो. माझ्या मित्राने हे वाचावं. माणसाला गुडघ्यावर आणण्याचं काम लाइनच करते, प्रार्थनासभा नव्हे. पुढे वेल ख्रिस्ताकडे वळली, तरी चर्चच्या उंबरठ्यावरच राहिली. तिच्या मते प्रार्थना म्हणजे संपूर्ण अवधान. दिवसभर ज्याचं लक्ष सायकल टाइमने ओरबाडून घेतलं, त्याला ते परत मिळण्याची जागा म्हणजे प्रार्थना. तिथे त्याची मोजदाद होत नाही. धैर्य तिथून येतं असं मी मानतो.

म्हणूनच ‘विश्वास ठेव, नोकरी मिळेल’ असं सांगणाऱ्या प्रचारकांवर माझा मित्रापेक्षा जास्त राग आहे. गेथशेमाने बागेत प्रभूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि तो टळला नाही. प्रभू उठला आणि धरायला आलेल्यांना सामोरा गेला. रमाबाईंची मनोरमा १९२१ साली गेली. आईने बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं.

तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, चौदाशेवर कामगारांना ले-ऑफ मिळाला. अशी वेळ चाकण-भोसरीत पुन्हा येणार आहे. तेव्हा पाळकांना माझी विनंती आहे: सेकंड शिफ्टवाल्याला रविवारची उपासना गाठता येत नाही, त्याच्यासाठी चर्चचं दार रात्री साडेबारालाही उघडं ठेवा. त्याला चमत्काराचं वचन देऊ नका. आणि सोमवारी तो कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाईल, तेव्हा त्याच्याबरोबर जा. माझा मित्र तिथे भेटेलच.