काच कुणी वर केली?

आमच्या जुन्या फियाटची काच हँडल फिरवून वर करावी लागे. कुणाच्या तोंडावर ती लावायची तर चार वेढे होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसणं आलं. दुसऱ्याच वेढ्याला लाज वाटायची आणि काच मुकाट्यानं खाली यायची!

परवा पुतण्याच्या नव्या गाडीतून पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलो. गर्दीत गाडी थांबली, तर खिडकीशी आमचे जुने शेजारी. "काय भाऊ," एवढंच ते म्हणाले, तोच पुतण्यानं स्वतःच्या दारावरचं बटण दाबलं. माझी काच सर्रकन वर!

"एसी चालू आहे, काका."

मी माझं बटण दाबलं. ढिम्म! दारात म्हणे छोटी मोटर असते. विजेचा प्रवाह उलटवला की ती उलटी फिरते, काच उतरते. पण ड्रायव्हरपाशी एक कुलुपाचं बटण असतं. ते दाबलं की बाकीच्यांची बटणं नुसती शोभेला. लहान मुलांचे हात अडकू नयेत म्हणून ही सोय. त्या मुलांत मीही आलो! हातानं काच ढकलावी, तर आतली मळसूत्री दातेरी चाकं तिला हलू देत नाहीत. शेजारी काचेपलीकडे हसत उभे. गाडी निघाली.

आता अपमान केला कुणी? पुतण्यानं? मोटरनं? मी तर निर्दोष!

घरी हे ऐकवलं. बायको म्हणाली, "अहो, 'काच खाली कर' असं तोंडानं सांगता आलं असतं की!"

आलं असतं. पण त्या शेजाऱ्यांचे पाचशे रुपये मी देणं लागतो, हे तिला ठाऊक नाही.