भाता कुठे वळवायचा

पुण्यातल्या एका घरात पलंगाखाली एक अ‍ॅकॉर्डियन होतं. आजोबांचं. दिवसा कारखान्यात पाळी आणि गणपतीच्या दहा दिवसांत ऑर्केस्ट्रा, असं त्यांचं आयुष्य गेलं. ते गेले आणि खोका बंद झाला, तो अकरा वर्षं. दर खंडेनवमीला मात्र बाहेर यायचा. हळदकुंकू, झेंडूचं फूल, उदबत्ती, की पुन्हा पलंगाखाली. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. पूजा केली की वापरायची जबाबदारी टळते, हा आपला जुना तोडगा आहे.

वाटण्या झाल्या तेव्हा ते धाकट्या नातवाकडे आलं. खरं म्हणजे थोरल्याचा मान होता, पण त्याच्या फ्लॅटमध्ये खोका ठेवायला जागा नव्हती.

नातवाने हौसेने पट्टे खांद्यावर चढवले. दहा-अकरा किलोंचं ओझं छातीवर आलं तसा तो थोडा वाकला. भाता ओढला तर दमेकऱ्यासारखी घरघर निघाली. उजवीकडच्या 41 पट्ट्यांपैकी नऊ मुक्या, तीन दाबल्या की वर येईनात. तो ते उचलून कॅम्पात पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे घेऊन गेला.

तसं पाहिलं तर हे वाद्य परकं. व्हिएन्नात 1829 साली त्याचं पेटंट निघालं. पण जिच्याशिवाय आपलं भजन होत नाही आणि नाट्यसंगीत उभं राहत नाही, ती बाजाची पेटी तरी कुठली? तिचं पेटंट पॅरिसचं, 1840 च्या दशकातलं. दोघींची जात एकच. हवा पितळी किंवा पोलादी जिभेवरून जाते, जीभ थरथरते, सूर निघतो. एक आपल्याकडे मांडी घालून बसली, दुसरी उभीच राहिली, एवढाच फरक. म्हणून पेटीवाल्या काकांना अ‍ॅकॉर्डियन उघडताना काही वेगळं वाटलं नाही.

आत लाकडी ठोकळ्यांवर सुरांच्या पट्ट्या ओळीने मेणात बसवलेल्या होत्या. प्रत्येक सुराला दोन जिभा, एक भाता उघडताना बोलणारी, दुसरी मिटताना. मेण वाळून ठिसूळ झालेलं. हवा अडवणारी चामड्याची पानं उन्हात टाकलेल्या आंब्याच्या सालींसारखी वळलेली. काकांनी एक पान चिमटीत धरून दाखवलं.

"वाजवून बिघडलेलं वाद्य मी आठवड्यात देतो," ते म्हणाले. "जपून ठेवलेल्याला दोन महिने लागतात."

दोन महिन्यांनी वाद्य मिळालं तेव्हा काकांनी नातवाचा डावा हात पट्ट्याखालून आत घातला. "इथं 120 बटणं आहेत आणि वाजवणाऱ्याला एकही दिसत नाही. मान वाकडी करून बघायचं नाही. नुसतं बोट फिरव. एका बटणाला खळगा लागेल. तो सी. वरचं बटण जी, खालचं एफ. तिथून घर मोजत जायचं." खळगा लागला. आजोबांच्या बोटाने तो आणखी खोल झाला असेल, असं नातवाला उगीचच वाटून गेलं.

मग तो शिकायला बसला. मोबाइलवरचे धडे पाहिले. एका जुन्या सिनेमागीताची चाल आजोबांच्या वहीत सारेगममध्ये लिहिलेली होती, ती पाठ केली. एनॉक डॅनियल्स यांनी अ‍ॅकॉर्डियनवर वाजवलेली गाणी पुन्हा पुन्हा ऐकली. तीन-चार महिन्यांत बोटं पळायला लागली, डावा हातही न बघता पडू लागला. तरी काहीतरी बिनसलेलं होतं. चूक एकही नाही आणि ऐकवत मात्र नाही. कुणीतरी अर्ज टाइप करत असावं, तसं वाटायचं. भाता उघडत उघडत हाताच्या टोकाला पोचायचा आणि शब्दाच्या मध्येच कचकन परत फिरायचा. वहीत सूर होते, कुठे वळायचं ते लिहिलेलं नव्हतं. रेकॉर्डमध्ये गाणं ऐकू येत होतं, भाता दिसत नव्हता.

एका रविवारी तो हॉलमध्ये वाजवत होता. स्वयंपाकघराच्या दारात आजी मेथी निवडत होती.

"तिथं नाही," आजी म्हणाली.

त्याला वाटलं, फोनवर बोलतेय. पुन्हा वाजवलं.

"अरे, तिथं नाही वळायचं. अजून पुढं जा. आणखी थोडं. हां, आता."

तो थांबला. आजीने उभ्या जन्मात त्या वाद्याला हात लावला नव्हता, पूजेचं हळदकुंकू सोडून. सा कुठला आणि रे कुठला, हे तिला सांगता आलं नसतं.

"तुला कसं माहीत?"

"दहा बाय बाराची खोली होती आमची चाळीत. हे रात्री पाळीवरून यायचे आणि मग बसायचे. आवाज केला की शेजारचे भिंतीवर ठोकायचे. म्हणून ते कडेचं हवेचं बटण दाबून धरायचे आणि नुसताच भाता चालवायचे. पट्ट्यांवर नुसती बोटं. सूर नाही काही नाही. मी तुझ्या बाबांना कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेली. श्वास तेवढा ऐकू यायचा, वाद्याचा. हुं... आणि हुं. गाणं म्हणशील तर मांडवातच, गणपतीत. श्वास रोजचा."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं?"

नातू कॅम्पापर्यंत गेला होता, वहीची पानं त्याने भिंगाखाली धरली होती, व्हिएन्नापर्यंतचा इतिहास वाचून काढला होता. जे हवं होतं ते दहा पावलांवर मेथी निवडत बसलं होतं आणि त्याला घरातल्या कुणी वारसा म्हटलं नव्हतं, कारण त्याला खोका नव्हता.

त्या दिवसापासून दुपारची चार वाजताची वेळ ठरली. तो वाजवायचा, आजी डोळे मिटून बसायची. वळायची जागा आली की तिची मान किंचित हलायची. बोलायची गरज राहिली नाही. भात्याची ओढ कमी झाली, कारण पुढे किती लांब जायचंय ते आता आधीच कळत होतं. ओळ संपायची तिथेच हवा संपायची. महिन्याभरात चाल गाण्यासारखी वाटू लागली.

एक जागा मात्र त्याला पटेना. ओळ अर्धी राहिलेली, भात्यात हवा भरपूर, आणि तिथे आजीची मान हलायची. तो दोनदा वळला, दोन्ही वेळा सूर तुटला.

"आजी, इथं का पण? इथं वळायचं काहीच कारण नाही."

आजीने डोळे उघडले. जरा आठवून पाहिलं.

"इथं त्यांना खोकला यायचा," ती म्हणाली. "बिडीचा."

दोघेही थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"मग मी काय करू? वळू का सरळ जाऊ?"

"सरळ जा की," आजी म्हणाली आणि मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली. "तुला कुठं खोकला आहे?"