कुलूप आणि कौल

भोर-वेल्ह्याची गावे सोडून आम्ही पोटासाठी मुंबई-पुण्याला आलो. घराला कुलूप लावले. मावळातला पाऊस कुलपाला जुमानत नाही. शेजारी दरवर्षी कौले चाळतो, म्हणून घर उभे आहे. मग ते कुणाचे?

1963 चा मुदतीचा कायदा म्हणतो : मालकाचा हक्क नाकारून कुणी 12 वर्षे उघड, अखंड ताबा ठेवला आणि मालक स्वस्थ बसला, तर मालकाचा हक्क संपतो. मात्र परवानगीने सांभाळणाऱ्याला पन्नास वर्षांनीही तसा हक्क मिळत नाही. म्हणजे बळकावणाऱ्याला घर आणि राखणाऱ्याला नुसते आभार! 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा तर्काला सोडून आहे असे म्हणत केंद्राला फेरविचार सुचवला. 2023 मध्ये विधी आयोगाला बदलाची गरज वाटली नाही.

पण आमचे काय? कागद केला तर घर जाईल, या भीतीने आम्ही शेजाऱ्याला काहीच लिहून देत नाही. खरे तर लेखी परवानगी मालकालाच राखते.

मालकी ही अमानत आहे. ज्याने कौले चाळली, त्याचा खर्च आधी चुकता करावा. घर विकायचे झाले तर पहिल्यांदा त्यालाच विचारावे. कायदा हे मागत नाही. इमान मागते.