दारातलं कुत्रं आणि चुलीपुढचं मांजर

कुत्रा आवडतो की मांजर, हा प्रश्न आपण स्वभावपरीक्षेसारखा विचारतो. कुत्रेवाले म्हणजे मोकळे, माणूसवेडे. मांजरवाले म्हणजे आतल्या गाठीचे, अशी ढोबळ वाटणी झाली की विषय मिटतो. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात मात्र तो इतक्या सहजी मिटत नाही. इंग्रजांनी १८६१ साली इथे विलायतेहून येणाऱ्या आणि परतणाऱ्या शिपायांसाठी तळ वसवला. कोरड्या हवेच्या ओढीने पुढे मुंबईची कुटुंबं हवापालटाला येऊ लागली आणि लॅम रोडच्या आसपास एकेका समाजाची सॅनिटोरियमं उभी राहिली. पारशी, जैन, गुजराती, सिंधी, मुसलमान, ख्रिस्ती आणि भोवतालच्या खेड्यांतले मराठे अशी वस्ती एका छावणीच्या हद्दीत नांदते. त्यामुळे एकच गावठी कुत्रं पारशी सॅनिटोरियमच्या फाटकाशी उभं असलं तर धर्मग्रंथात मान असलेला प्राणी ठरतं. जैन भोजनशाळेमागे गेलं की दयेला पात्र होतं, पण ती दया जरा अंतर राखून. नमाजाला निघालेल्या माणसाच्या कपड्याला त्याचं ओलं नाक लागू नये याची काळजी घेतली जाते. मांजराचा क्रम नेमका उलटा: मुसलमान घरात त्याने वाडग्याला तोंड लावलं तरी पाणी बाटत नाही, पारशी परंपरेत मात्र कुत्र्याच्या मानाचा अंशही त्याच्या वाट्याला आलेला नाही. शेजारी राहणारी माणसं याच दोन प्राण्यांबद्दल धर्माच्या आधाराने इतकं वेगळं बोलत असतील, तर यातला कोणता प्राणी प्रेमाला अधिक लायक, हे धर्माला विचारून कळायचं नाही. त्यांच्याबाबत आपल्याला काय लागू होतं, एवढं मात्र विचारता येईल. माझ्या मते आवड आणि ऋण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि या धर्मांच्या ग्रंथांमध्ये भेद दिसतो तो आवडीच्या बाबतीत. ऋणाच्या बाबतीत ते चकित व्हावं इतकं जवळ येतात.

आधी हे ऋण कुठून येतं ते पाहू. लांडग्यापासून कुत्रा झाला तो माणसाच्या सहवासात. जर्मनीत बॉनजवळ माणसांसोबत पुरलेलं कुत्रं सापडलं, त्याचा काळ सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचा. शेती तेव्हा सुरूही झाली नव्हती. तेव्हापासून आपण त्याच्या जाती पाडल्या, त्याची शिकार स्वतःकडे घेतली आणि त्याला आपल्या आवाजाचं, बोटाच्या इशाऱ्याचं वेड लावलं. आज गावातल्या बेवारशी कुत्र्यालाही जंगलात परतायची वाट नाही. तो आपल्या उकिरड्याला, आपल्या उष्ट्याला बांधलेला आहे. मांजराची गोष्ट निराळी. पश्चिम आशियात धान्याची कोठारं भरली, त्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडलं आहे; तिथे ते माणसाच्या होडीतूनच पोचलं असणार, पण मुळात मांजराला कोणी जाळं टाकून वस्तीत आणलं असं मानण्याचं कारण नाही. ते आपल्या पायांनी आलं, आपलं काम साधत राहिलं आणि आजही पुष्कळसं तसंच राहतं. कुत्र्याला आपण बांधलं, मांजर आपल्याकडे उतरलं. एकाचा हक्क ऋणकोवरचा, दुसऱ्याचा यजमानावरचा. पाहुण्याला ताट वाढणं हा चांगुलपणा झाला, पण ज्याची मिळकत आपण खाल्ली त्याला ताट वाढण्याला चांगुलपणा म्हणत नाहीत.

पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात हा विचार जितक्या रोखठोकपणे आला आहे तितका दुसरीकडे क्वचितच सापडतो. शवाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा सगदीदचा विधी पुष्कळांना ऐकून माहीत असतो आणि पारशांचं कुत्र्यांवरचं प्रेम तेवढ्यावरून समजलं असं मानलं जातं. मला त्याच ग्रंथाचा पंधरावा अध्याय जास्त मोलाचा वाटतो, कारण तिथे भावुकता नाही, जमाखर्च आहे. कुत्र्यापुढे दाताघशात अडकेल असं कठीण हाड टाकणं किंवा तोंड पोळेल इतकं गरम अन्न टाकणं हे तिथे गंभीर पाप आहे. गाभण कुत्रीला मारणं, मागे धावून वा टाळ्या पिटून घाबरवणं हेही पाप. आणि ज्याच्या जागेत कुत्री व्याली, त्याच्यावर तिची आणि पिल्लांची जबाबदारी, पिल्लं स्वतःचं पोट भरण्याजोगी होईपर्यंत. ग्रंथ मुदतही घालून देतो: पिल्लाला सहा महिने, माणसाच्या मुलाला सात वर्षं. कुत्री आवडते का, ती कोणाची, तिला इथे बोलावलं कोणी, हे प्रश्न तिथे उद्भवतच नाहीत. तुझ्या दारात घडलं, तू बांधील आहेस.

इस्लामी परंपरेत कुत्र्याची लाळ अपवित्र मानली आहे, हे खरं. पण त्याच परंपरेत तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या पापी माणसाला क्षमा मिळते, आणि गुहेत झोपलेल्या श्रद्धावंतांसोबत उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला कुत्रा खुद्द कुराणात आहे. मांजराला तर हदीसमध्ये घरात फिरणाऱ्या माणसांसारखंच धरलं आहे, म्हणून त्याच्या उष्ट्याने विटाळ नाही. तरी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने खरा दाखला तिसराच आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं. तिने त्याला खाऊ घातलं नाही आणि जमिनीवरच्या किडेमुंग्या खायला मोकळंही सोडलं नाही. ते मेलं आणि ती शिक्षेला पात्र झाली. हा दोष किती नेमका मांडला आहे ते पाहण्यासारखं आहे. मांजराला न जेवू घालणं हा अपराध ठरलेला नाही, कारण मोकळं मांजर आपलं पाहून घेतं. कोंडल्यावर न जेवू घालणं हा अपराध. दाराला कडी लागली त्या क्षणी पाहुण्याचा धनको झाला. आज नाशिकच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाळी लावून ठेवलेलं चपट्या नाकाचं पर्शियन मांजर या न्यायाने कुत्र्याच्याच रांगेत येतं. तेव्हा मघाशी केलेला भेद मुळात जातींमधला नसून बंधनातला आहे, आणि मांजरवाल्यांना आपण बिनकर्जाचे म्हणून निवांत बसता येणार नाही.

महाभारत कुत्र्यापाशी सुरू होतं आणि कुत्र्यापाशी येऊन टेकतं, याकडे फारसं लक्ष जात नाही. आदिपर्वात जनमेजयाच्या भावांनी सरमा या देवांच्या कुत्रीच्या पिल्लाला काही गुन्हा नसताना मारलं, म्हणून तिने शाप दिला. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर वाटेत सोबत आलेल्या कुत्र्याशिवाय इंद्राच्या रथात चढायला नकार देतो. इंद्र सांगतो, कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही, त्यांचं पुण्य हिरावलं जातं. युधिष्ठिराने यावर कुत्रा शुद्ध आहे असं सिद्ध करायला घेतलं नाही. तो शुद्धीचा मुद्दा सोडून देतो आणि म्हणतो की आश्रयाला आलेल्याला, आपल्यावर विसंबलेल्याला टाकणं हे महापातकाच्या तोडीचं आहे. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. इथे कथाकाराचा धीर सुटला असं मला वाटतं. तो कुत्रा शेवटपर्यंत अंगावर गोचिड्या असलेला साधा कुत्राच राहिला असता, तर युधिष्ठिराचं म्हणणं अधिक भारी पडलं असतं. देवाला सोडलं नाही यात कसोटी ती काय? त्या वाटेवर मांजर नसतं, हेही मान्य करू. मांजर हस्तिनापुरातच राहिलं असतं, आणि नव्या राजाच्या मुदपाकखान्यात त्याचं काही अडलं नसतं.

म्हणून मांजराला तत्त्वज्ञानात स्थान नाही असं नव्हे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये देवाची कृपा जिवाला कशी मिळते यावर वाद झाला. वानराचं पिल्लू आईला घट्ट धरून ठेवतं, मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानेशी धरून नेते. तेंकलै संप्रदायाने दुसरा दाखला उचलला. आपल्याकडे तुकोबांनी स्वतःला विठ्ठलाच्या दारचा कुत्रा म्हटलं आहे. भक्ताने आपलं चित्र काढलं ते कुत्र्याचं, आणि देवाचं काढताना मांजरी समोर आली, ही जोडी मोठी बोलकी आहे. विसंबून असणं म्हणजे काय हे कुत्र्याकडून कळतं. ज्याच्यावर कोणी विसंबलं त्याने कसं वागायचं, हे दातात पिल्लू धरून एकही दात न लावता चालणाऱ्या मांजरीकडून. पाळणाऱ्याच्या वाट्याला ही दुसरी भूमिका येते.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप जैन विचारातून येतो. हेमचंद्राचार्यांच्या बाराव्या शतकातल्या योगशास्त्रात श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळायच्या पंधरा व्यवसायांमध्ये असतीपोषण आहे; पैशासाठी मांजर, कुत्रा, कोंबडा यांसारखे जीव पोसणं त्यात येतं. हिंसक जीव पोसला की त्याच्या हिंसेत आपलाही वाटा आला. याच्या पुढची पायरी देवळालीतच भेटते. लॅम रोडवर जैन आध्यात्मिक गुरू कानजी स्वामींच्या स्मारकाचा ट्रस्ट आहे, आणि ते ज्या समयसार ग्रंथाचं विवेचन आयुष्यभर करत राहिले त्याचं सांगणं असं की एक द्रव्य दुसऱ्या द्रव्याचं काही करू शकत नाही. दयेचा भाव शुभ खरा, पण तोही बंधनच, आत्म्याचा शुद्ध धर्म नव्हे. मग कुत्र्याचं ऋण मानणं हा एक सुसंस्कृत मोहच का म्हणू नये? पहिल्या आक्षेपाला उत्तर त्या निषेधातच आहे. तो पैशासाठी पोसण्यावर आहे, आणि पिल्लांच्या बाजारात वर्षाला वेत काढून कुत्री विकणाऱ्याला तो आजही चपखल लागू पडतो. भुकेल्या जिवाला अन्न न देण्याची सवलत त्यातून निघत नाही. निघती तर १८३४ साली मुंबईचं पांजरापोळ उभारण्यात जैन मोतीशा शेठ आणि पारशी जमशेटजी जिजीभाई खांद्याला खांदा लावून उभे राहिले नसते. दुसरा आक्षेप खोल आहे आणि मी तो खोडायला जाणार नाही. एवढंच म्हणेन की निश्चयनयाने, म्हणजे परमार्थाच्या दृष्टीने, कोणी कोणाचं देणं लागत नसेलही, पण त्याच दृष्टीने कोणी कोणाचा मालकही उरत नाही. ज्याने गळ्यात पट्टा घातला आहे तो व्यवहारात उभा आहे. पट्टा व्यवहाराचा आणि जबाबदारी मात्र परमार्थाने मिथ्या, अशी सोयीची वाटणी समयसारात नाही.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप कॅम्पाला लागून असलेल्या भगूरच्या माणसाच्या नावावर जाईल. सावरकरांनी गोपालन हवे, गोपूजन नव्हे असं म्हणताना माणसाच्या हिताचा निकष लावला. तोच इथे लावला तर आज घरात ना राखण उरली ना उंदीर. मग हे लाड कशासाठी? पूजेविरुद्ध हा युक्तिवाद चांगला आहे, मला तो पटतोही. पण ऋण उपयोग संपल्यावर फिटत नसतं. उपयोग होता म्हणून तर ते चढलं.

उरला माणसांचा प्रश्न, आणि तो टाळून या विषयावर लिहिणं म्हणजे लबाडी होईल. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळाच कुत्र्यांमार्फत येतो. जगभरातल्या बळींपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातले असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत गरिबांची मुलं फार. शिवाय देवळालीला बिबट्या आहे. दारणा नदीकाठच्या उसातून तो वस्तीत येतो, आणि कशासाठी येतो याचं उत्तर शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दिलं: तिथल्या बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के कुत्री, १५ टक्के पाळीव मांजरं आणि शेळ्या जेमतेम ११ टक्के. कुत्र्यामांजरांच्या वादात निवाडा करायला येणारा हा पंच स्वतः मार्जारकुळातला आहे, हे जाता जाता. तेव्हा सुट्टीत आलेल्या कुटुंबाने महिनाभर व्हरांड्यातल्या कुत्र्यांना बिस्किटं घालायची, पुण्य पदरात बांधायचं आणि गाडीत बसून मुंबई गाठायची, याला भूतदया म्हणण्याची माझी तयारी नाही. त्या बिस्किटांवर वाढलेलं पुढचं वेत भगूरच्या पोरांच्या आणि बिबट्याच्या वाट्याला जातं. म्हणून कुत्री मारून टाकावीत, हे उत्तर मुंबईत एकदा देऊन झालं आहे. कुत्र्यामागे आठ आण्यांच्या बक्षिसाला चटावलेले शिपाई घरची कुत्रीही मारू लागले, तेव्हा जून १८३२ मध्ये पारशांनी दंगा केला, शहर बंद पाडलं, आणि इतर समाजही त्यांच्या मागे आले. तोडगा निघाला तो कुत्री शहराबाहेर नेऊन सोडण्याचा, म्हणजे देणं दुसऱ्याच्या दारात ढकलण्याचा.

वेंदिदादचा तेरावा अध्याय याहून शहाणा वाटतो. कुत्रा पिसाळला तर त्याच्या तोंडाला बंध घालून त्याला बांधून ठेवा म्हणजे तो कोणाला इजा करणार नाही, आणि श्रद्धावंत माणसावर केला असता तसा त्याच्यावर उपचार करा, असं तो सांगतो. माणसाची सुरक्षा आणि प्राण्याचं ऋण या दोन्ही गोष्टी त्यात एका दमात आहेत. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा आशयही फार वेगळा नाही. नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थेने करायचं, आणि मोकाट प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवून ती व्यवस्था सांभाळणं हे त्या आवाराच्या रहिवासी संघटनेचं वा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीचं काम. सॅनिटोरियममध्ये रहिवासी बदलत राहतात, ट्रस्ट राहतो. ज्या व्हरांड्यात कुत्री व्याली त्या व्हरांड्याचा मालक तोच. तेव्हा खोलीच्या भाड्याच्या हिशेबात झाडूवाल्याच्या आणि माळ्याच्या पगाराशेजारी लशीचा आणि शस्त्रक्रियेचा खर्चही मांडायला हवा, आणि बिस्किटाचा पुडा फोडणाऱ्या पाहुण्यापुढे ती पावती ठेवायला कोणत्याही धर्माची हरकत असायचं कारण दिसत नाही.