चवीची अमानत

मुळकीच्या फळविक्रेत्याचे पुत्र रघुनंदन कामत यांनी १९८४ साली जुहूला आइस्क्रीमचं दुकान काढलं. वडिलांकडून आलेली फळांची पारख हेच त्यांचं भांडवल. तो वारसा त्यांच्या घरचाच होता. पण सोबत काम करणाऱ्याच्या घरची चव डब्यात भरून विकली तर? ईदला आमच्या डब्यातला शीरखुर्मा सगळे चाखतात, तो हदिया. किंमत लावली की हक्काचा प्रश्न आला. डब्यावर नाव छापणं हा मान झाला, मोबदला नव्हे. आधी इजाजत, मग हिस्सा, असं मला वाटतं. आता आटगाव-खर्डीकडच्या करवंदांचं पाहा. उन्हाळ्यात आदिवासी बाया ती पानाच्या द्रोणात विकतात. फळ जंगलाचं, पारख अख्ख्या पाड्याची. इथे इजाजत मागायची कुणाकडे? एकटीला विचारून भागत नाही, आणि कुणालाच न विचारणं कारखानदाराला फार सोयीचं पडतं.