एकाच संघातली दोन मतं

माझं घर पेणला आणि नोकरी रोह्याला. उरलेल्या वेळात मी कबड्डीच्या स्पर्धांना गुणलेखक म्हणून बसतो. ग्रामदेवतेचा उत्सव, कुणाचा वाढदिवस, कुणाचा स्मृतिचषक, काहीही निमित्त पुरतं. पावसाळा सोडला तर आमच्या पट्ट्यात कुठे ना कुठे मैदान आखलेलं असतंच. पेण-रोह्याच्या खेळाडूंचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यात ड्रॉचे फोटो आणि चढाईचे व्हिडिओ पडतात. २०२३ च्या मे महिन्यात तो ग्रुप पेटला.

२८ मे. दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन, आणि त्याच दिवशी विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया यांना पोलीस उचलून नेताहेत असे व्हिडिओ. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला कुस्तीगीरांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते आणि त्यासाठी हे लोक जानेवारीपासून जंतर मंतरवर येऊन बसत होते. ग्रुपवर एकानं लिहिलं, "मेडल देशाचं असतं, रस्त्यावर बसून त्याची शोभा करू नये." दुसऱ्यानं विचारलं, "तुझ्या बहिणीबरोबर झालं असतं तर?" क्रीडा कोट्यातून सरकारी नोकरीला लागलेला आमचा एक डावा कोपरा म्हणाला, "मी काही लिहिणार नाही, मला नोकरी आहे." त्याला लगेच भित्रा ठरवलं गेलं. रात्रीत तिघांनी ग्रुप सोडला. सकाळी ॲडमिननं सेटिंग बदलून टाकलं, आता फक्त ॲडमिनच लिहू शकतो.

"खेळात राजकारण नको" हे वाक्य त्या रात्री निदान दहा वेळा आलं असेल. आमच्या मैदानावर हे वाक्य म्हणजे विनोद आहे. मैदानाच्या चारी बाजूंना पुढाऱ्यांचे बॅनर, चषकाला पुढाऱ्याचं नाव, उपांत्य सामना थांबवून पुढाऱ्याचा सत्कार आणि मॅट कुणाच्या निधीतून आली याची माइकवरून घोषणा. तेव्हा कुणी म्हणत नाही की राजकारण बाहेर ठेवा. हे वाक्य बाहेर काढलं जातं ते खेळाडू स्वतः तोंड उघडतो तेव्हाच. म्हणून ते मी बाजूला ठेवतो.

माझं मन कुस्तीगीरांच्या बाजूचं होतं आणि आजही आहे. पण बाजू ठरली तरी एक प्रश्न उरतो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या खेळाडूशी जे खेळाडू सहमत नसतात, त्या सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं का? आमचा डावा कोपरा, ट्विट करणारा कोट्यधीश क्रिकेटपटू आणि संघटनेच्या खुर्चीत बसलेला जुना ऑलिंपियन, हे तिघं एकच का?

या प्रश्नासाठी मला शंभर वर्षं मागं जावं लागतं, पालवणकर बंधूंकडे. मूळ कोकणातल्या पालवण गावचं हे चांभार कुटुंब. थोरला बाळू पुण्यात मैदानावर नोकरीला लागला. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, झाडलोट करायची, जाळ्या बांधायच्या, महिना तीन-चार रुपये. युरोपियनांच्या क्लबात साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकता टाकता तो देशातला सगळ्यात भारी डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदू क्लबानं इंग्रजांना हरवायचं म्हणून त्याला संघात घेतलं. घेतलं, पण चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा पीत आणि बाळूला तो बाहेर, मातीच्या भांड्यातून मिळे. पुढे मुंबईत हिंदू जिमखाना, क्रिकेटच्या जोरावर रेल्वेत नोकरी, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी. क्रीडा कोटा हा शब्द नव्हता तेव्हाची ही गोष्ट. हिंदू संघाचं कप्तानपद मात्र त्याच्या वाट्याला आलं नाही.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूला संघातूनच वगळलं गेलं. कप्तान एम. डी. पै आजारी पडले. धाकटा भाऊ विठ्ठल तोवर संघातला अव्वल फलंदाज होता, पण कप्तानपद दिलं गेलं दि. ब. देवधरांना. देवधर मोठेच खेळाडू, त्यात वाद नाही. प्रश्न निवडणाऱ्यांच्या निकषाचा होता. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीरपणे वर्तमानपत्रात मांडलं: अस्पृश्य म्हणून आमचा अवमान होतोय. नुसतं "वैयक्तिक कारणास्तव" म्हणून ते घरी बसू शकले असते. आजही बहुतेक खेळाडू तेच करतात.

मग तडजोड झाली. अंतिम सामन्याला पै परतले, बाळूला संघात घेऊन उपकप्तान केलं, भाऊ परत आले. सामन्यात पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूनं संघ चालवावा.

या तडजोडीबद्दल माझ्या मनात बराच काळ घोळ होता. कडक माणूस म्हणेल, उपकप्तानपद ही तोंड बंद करायची लाच होती, भावांनी ती नाकारायला हवी होती. पण असं म्हणणाऱ्यानं आधी सांगावं की तो मातीच्या भांड्यातून चहा प्यायलाय का. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी अर्ध्या भाकरीवर थांबायचं की पूर्णासाठी उपाशी राहायचं, हा हिशेब त्यांनीच करायचा असतो. प्रेक्षकाला त्यात मत असू शकतं, मताधिकार नसतो. आणि पैंकडे मी वेगळ्या कारणासाठी पाहतो. त्यांनी भाषण केलं नाही. कप्तान म्हणून जी गोष्ट त्यांच्या हातात होती तीच थोडा वेळ सोडली. मैदानाबाहेर जाणं हे किती छोटं काम आहे! पण हातातलं काहीतरी देऊन घेतलेली बाजू मला नुसत्या बोललेल्या बाजूपेक्षा जास्त खरी वाटते.

गोष्ट इथं संपली असती तर ती शाळेतल्या धड्यासारखी नीट बसली असती. ती पुढे अवघड होते. तरुण आंबेडकरांना ज्याच्याबद्दल अभिमान होता तो बाळू, क्रिकेट थांबल्यावर, त्यांच्याच विरुद्ध उभा राहिला. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांचा वाद झाला तेव्हा बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं होता. पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्याचंही नाव आहे. धर्मांतराची घोषणा त्याला पटली नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसनं आंबेडकरांसमोर त्यालाच उमेदवारी दिली. तो साधारण दोन हजार मतांनी हरला.

काँग्रेसनं त्याला वापरलं का? मला वाटतं, वापरलं. आंबेडकरांना पाडायला दलित क्रिकेटवीरच शोधला, हे काही भोळेपणानं झालेलं नाही. पण म्हणून बाळू विकला गेला होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अन्याय आहे की नाही यावर त्याचं आणि आंबेडकरांचं दुमत नव्हतंच. दोघांनी तो अंगावर झेलला होता. दुमत होतं ते औषधावर. इतिहासानं आंबेडकरांना बरोबर ठरवलं असं मी मानतो, तरी बाळूच्या विरोधाला विरोध म्हणून जागा द्यावी लागते. दुखणं ज्याचं, त्याला औषधाबद्दल वेगळं मत असायचा हक्क आहे. चुकायचासुद्धा.

आता २०२१. फेब्रुवारीत रिहानानं शेतकरी आंदोलनाबद्दल एक ओळ लिहिली आणि दुसऱ्याच दिवशी आपले क्रिकेटपटू एकापाठोपाठ एक सरकारी हॅशटॅग लावून बोलू लागले. सचिन तेंडुलकरनं लिहिलं त्याचा आशय असा की बाहेरच्या शक्तींनी प्रेक्षक राहावं, सहभागी होऊ नये. भारताचं भारतीयांना कळतं. आम्ही सचिनला देव म्हणत वाढलो, त्यामुळे हे लिहिताना बोट जरा अडखळतंय. त्यानं सरकारची बाजू घेतली यावर माझा आक्षेप नाही, कुणीही घ्यावी. आक्षेप इतकाच की महिनोन् महिने थंडीत बसलेल्या शेतकऱ्याला उद्देशून त्यात अवाक्षर नव्हतं. कायदे चांगले आहेत असंही नाही, वाईट आहेत असंही नाही. एकजुटीची हाक होती, आणि ती ज्याचं दुखतंय त्याच्या डोक्यावरून पलीकडे मारलेली होती. बाळूचा विरोध औषधाला होता. इथं रोगाचं नाव घेणाऱ्यालाच गप्प केलं जात होतं.

हाच फरक २०२३ मध्ये दिसतो. भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा यांनी एप्रिलमध्ये म्हटलं की कुस्तीगीरांनी रस्त्यावर यायला नको होतं, ही बेशिस्त आहे, देशाची प्रतिमा मलिन होते. काही दिवसांनी त्या स्वतः जंतर मंतरवर जाऊन आल्या, हे नोंदवलं पाहिजे. १९८३ चा विश्वविजेता संघ जूनमध्ये एकत्र निवेदन काढून कुस्तीगीरांबद्दल कळवळा दाखवतो आणि त्याच संघातले, पण तेव्हा क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष असलेले रॉजर बिन्नी सांगतात की या निवेदनाशी माझा संबंध नाही. माणूस तोच, वर्ल्ड कपही तोच. मधे खुर्ची आली.

पण खरी अडचण अजून पुढेच आहे. ३ जानेवारी २०२४ ला त्याच जंतर मंतरवर शेकडो तरुण कुस्तीगीर जमले, आणि ते साक्षी-विनेश-बजरंग यांच्या विरोधात घोषणा देत होते. तुमच्यामुळे आमचं वर्ष फुकट गेलं, स्पर्धा झाल्या नाहीत, शिबिरं झाली नाहीत. यात कुणाकुणाला पाठवलं गेलं असेल असा संशय घेणं सोपं आहे आणि अनेकांनी घेतला. मला मात्र त्या पोरांचं दुखणं कळतं, कारण ते रोज बघतो. ज्युनिअर गटाला वयाची अट असते. एक मोसम गेला की पोरगं गटाबाहेर. ज्युनिअर स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर नोकरीचा अर्ज अवलंबून असतो. पंचविशीतल्या पदकविजेत्याचं वर्ष आणि अठरा वर्षांच्या मुलाचं वर्ष यांची किंमत सारखी नसते. स्पर्धा कुणी थांबवल्या, महासंघाचा कारभार कुणी एवढा खिळखिळा केला, हे विचारलं तर बोट दुसरीकडे जातं, आणि तिकडेच जायला हवं. तक्रार खरी होती, पत्ता चुकला होता. तरी एकाच्या बाणेदारपणाची किंमत दुसऱ्याच्या खिशातून जाते, हे आपण टाळ्या वाजवणाऱ्यांनी विसरायचं नसतं.

इथलाच एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका गावात, नाव राहू दे, मुलींचे सामने होते आणि कपडे बदलायला जागाच नव्हती. आयोजकांनी स्टेजच्या मागे कनात लावली होती, ती एका बाजूनं उघडी. एका संघाच्या मुली म्हणाल्या, सोय होईपर्यंत आम्ही खेळणार नाही. समोरच्या संघाच्या मुली त्यांच्यावरच चिडल्या. "आम्ही लांबून टेम्पो करून आलोय, भाडं बक्षिसातून काढायचंय. आधी खेळून घेऊ, मग सगळ्या मिळून बोलू." दोन्ही बाजूंच्या मुली त्याच उघड्या कनातीत कपडे बदलणाऱ्या. वीस मिनिटं वाद झाला. मी टेबलाशी गुणपत्रक घेऊन बसलो होतो. माझ्या शेजारचा एक कार्यकर्ता म्हणाला, "पोरी फार शिकल्यात." त्या मुलींच्या भांडणात मला दोन्हीकडे अर्थ दिसला. त्याच्या वाक्यात काहीच दिसला नाही. शेवटी शेजारच्या एका घरच्या बाईंनी आपलं दार उघडून दिलं, खोली दिली, पंखा लावून दिला. खेळणार नाही म्हणणारा संघ पहिल्याच फेरीत हरला.

आमच्या डाव्या कोपऱ्याबद्दल सांगायचं राहिलं. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांपैकी एकाचं स्वतःचं दुकान आहे, दुसऱ्याच्या वडिलांचा वीटभट्टीचा धंदा. ज्यांचा पगार कुणाच्या सहीवर नाही त्यांना धीट असणं परवडतं. आमच्याकडे पकडी करून करून गुडघे गेलेली पोरं एका नोकरीकडे डोळे लावून असतात, आणि ती देणारा हात बहुतेक वेळा तोच असतो ज्याच्याविरुद्ध बोलायचं असतं. म्हणून त्याच्या गप्प बसण्यावर मी रागावत नाही. तो गप्प होता, पण बोलणाऱ्याला खोटं म्हणाला नाही. "मला नोकरी आहे" हे त्याचं वाक्य मला त्या रात्रीचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं.

विठ्ठल पालवणकर १९२३ मध्ये हिंदू संघाचा कप्तान झाला आणि संघानं स्पर्धा जिंकली. भावांनी तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या माघारीचा त्यात वाटा होता, असं मला वाटतं. बाळू तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्यानंतर चार वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यांना मार पडला, आणि नंतर सवर्णांनी ते तळं शुद्ध करून घेतलं.